लेसर क्लीनिंग मशीन घेतोय, पावसाळ्यात शेडमध्ये गॉगल, धूर, अर्थिंग कसं सांभाळता?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, मी आणि दोन पोरं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारल्या की विंच, शाफ्ट, पंखे (प्रोपेलर), नांगर, इंजिनाचे ब्रॅकेट सगळं गंज काढायला आमच्याकडे येतं आणि प्रत्येकाला नारळी पौर्णिमेच्या आत परत पाहिजे असतं. आत्तापर्यंत ग्राइंडर आणि वायर ब्रशवर चाललं. आता १५०० वॅटचं हातातल्या गनचं लेसर मशीन बघितलंय, थ्री इन वन, म्हणजे वेल्डिंग कटिंगपण त्यातच. डीलर म्हणतो सोबत गॉगल फ्री देतो, बाकी काही लागत नाही, केमिकल नाही वाळू नाही, एकदम सेफ.
पण डेमो देणाऱ्या पोराचा स्वतःचा गॉगल कपाळावर होता आणि आम्ही चार-पाच जण मोकळ्या डोळ्यांनी बघत उभे होतो, ते काय मला बरं वाटलं नाही. कोणी वापरतंय का? खरं काय लागतं, किती लागतं, आणि आपल्या हवेत काय वेगळं करावं लागतं, सांगा.

वाळूवाला_बाबा
कशाला पैसे घालवतोस. सँडब्लास्टिंग कर, आमची हयात गेली त्यात.

लोटे_रात्रपाळी
बाबा, हयात गेली ते बरोबर, पण ब्लास्टिंगच्या वाळूने फुफ्फुसं गेलेली माणसं पण आहेत की. सिलिकोसिस होतो म्हणून ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी सिलिकाची वाळू १९४९ लाच बंद केली. आपल्याकडे आता बरेच जण कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरणारी मळी) वापरतात. लेसरचा मुद्दा वेगळा आहे, वाळू नाही म्हणून धूळ नाही असं नसतं. जो गंज आणि रंग निघतो तो जातो कुठे? हवेतच जातो, आणि इतका बारीक होऊन जातो की साध्या नजरेला अर्धा दिसतच नाही.

चिरेबंदी
खाडीपल्याड, मी लोट्याला (खेडजवळची एमआयडीसी) जॉबवर्क करतो, पाइप, व्हॉल्व्ह, मोल्ड. पल्स मशीनपण आहे (बीम तुटक-तुटक झटक्यांत सुटतो) आणि सीडब्ल्यूपण (बीम सलग चालतो). सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

आधी डोळा. ह्या मशीनची लेसर साधारण १०६४ ते १०८० नॅनोमीटरची, म्हणजे इन्फ्रारेड, दिसत नाही. गनमधून जी लाल रेघ दिसते ती नुसता निशाणा दाखवणारा लाइट आहे, खरा माल त्याच्या सोबत अदृश्य जातो. लोक लाल रेघेकडे बघतात आणि वाटतं की एवढंच आहे. ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आत शिरतो आणि मागच्या पडद्यावर एका ठिपक्यात गोळा होतो, बाहुलीवर जेवढा पडतो त्याच्या लाखपट तीव्र होऊन. दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी पाव सेकंदात मिटते, ह्याला मिटतच नाही कारण डोळ्याला कळतच नाही काही. अर्ध्या वॅटच्या वर गेलं की क्लास ४, लेसरचा सगळ्यात धोकादायक वर्ग. तुझं १५०० वॅट आहे, आता तूच हिशोब कर.

आता डेमोच्या वेळी तुम्ही उभे होता तो हिशोब. डोळ्याला सुरक्षित मानलेली हद्द ह्या तरंगलांबीला सलग नजरेसाठी चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅट आहे. १५०० वॅट खरबरीत गंजक्या पत्र्यावर पडून सगळ्या बाजूंना विखुरला असं धरलं तर ती हद्द साधारण तीन मीटरवर येते. म्हणजे तीन मीटरच्या आत उभा असलेला प्रत्येक जण धोक्यात, आरशासारखा काही पृष्ठभाग नसतानाही. आणि पॉलिश स्टेनलेस, ॲल्युमिनियम किंवा पंख्याच्या गोलाईवरून बीम सरळ परतला तर मग मीटरात नाही, शेकडो मीटरात मोजायचं. शेडचा दरवाजा उघडा असेल आणि समोर जेट्टी असेल तर जेट्टीवरचा माणूस पण त्यात आला.

देवगडचो
माका येक सांगा, वेल्डिंगची काळी काच लावून चलात काय? आमच्याकडे सगळे तीच लावतत.

चिरेबंदी
नाय चलत रे बाबा. ती आर्कसाठी आहे, लेसरसाठी ती तपासलेलीच नसते, थेट बीम पडला तर तडकेल. तसंच कार्बन डायऑक्साइड लेसरच्या पारदर्शक गॉगलचं. तो १०६०० नॅनोमीटरसाठी असतो, साधं पॉलिकार्बोनेट असतं ते, आणि १०६४ त्यातून सरळ पार जातं. ॲक्रिलिक कटिंग करणाऱ्याकडून गॉगल उसना आणला तर गॉगल डोळ्यावर असून नसल्यासारखाच.

गॉगलवर ओडी लिहिलेला असतो, ऑप्टिकल डेन्सिटी. ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येतो, ओडी ७ म्हणजे एक कोटीतला एक. आता १५०० वॅट पूर्ण सात मिलिमीटरच्या बाहुलीतून गेला असं समजलं आणि वरची ५ मिलिवॅटवाली हद्द धरली तर जवळजवळ ओडी ६ लागतोच. म्हणून ७ घे. कोणत्या तरंगलांबीला ७ आहे ते गॉगलच्या काचेवर किंवा फ्रेमवर छापलेलं पाहिजे, खोक्यावर नाही. युरोपियन मार्किंगचा असेल तर त्यावर एलबी७ असं काहीतरी दिसेल आणि पुढे डी, आय, आर, एम अशी अक्षरं, त्यातला डी सलग बीमसाठी आणि आय-आर पल्ससाठी. तुझं सीडब्ल्यू म्हणजे डी बघ. फ्रीवाल्या गॉगलवर बहुतेक वेळा नुसतं "२०० ते २००० नॅनोमीटर" असतं, तो ब्युटी पार्लरच्या मशीनचा माल असतो, तो नको.

गॉगल चालतो का बघायला लेसर मारून टेस्ट करू नका, बरेच हौशी लोक करतात. तेव्हा टिकला तरी आतून खराब झालेला असतो.

बांगडा_फ्राय
मोबाइलने व्हिडिओ काढू नका हेही सांगा. मित्राच्या शेडमध्ये रील बनवताना कॅमेऱ्यावर कायमचे ठिपके आले. मोबाइल गेला म्हणून रडत होता, मी म्हटलं मेल्या मोबाइलच्या वरती तुझं डोकं होतं की!

दृष्टीपटल
मी नेत्रतज्ज्ञ आहे, थोडं भर घालतो. पडद्याला दुखण्याची संवेदना नसते, त्यामुळे जळलं तरी दुखत नाही. पल्स लेसरच्या काही केसेसमध्ये डोक्यात 'टप्प' असा आवाज आल्यासारखं वाटतं आणि मग नजरेच्या मधोमध काळा किंवा धुरकट डाग. एका डोळ्याला झालं तर दुसरा भरून काढतो आणि माणसाला आठवडाभर कळत नाही, डास मारताना किंवा सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटला की कळतं.

कामावर घ्यायच्या आधी प्रत्येकाची डोळे तपासणी करून कागद ठेवा, नंतर काही झालं तर आधीची नजर कशी होती हे माहीत हवं. शंका आली तर लगेच काम थांबवा आणि पडदातज्ज्ञाकडे जा, ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याचे थर दाखवणारा फोटो) दिसतं. कुठलेही थेंब घालून बरं होणार नाही, त्यामुळे मेडिकलमधून ड्रॉप आणून दोन दिवस वाट बघणं निरुपयोगी. चष्मा असलेल्यांना चष्म्यावर बसेल असाच गॉगल द्या, चष्म्याची काच १०६४ अजिबात अडवत नाही. खिडकीची काचसुद्धा नाही.

खाडीपल्याड
आभार सगळ्यांचे. खिडकीचं मनातच नव्हतं. शेडच्या एका बाजूला काचेची खिडकी आहे आणि पलीकडे शेजाऱ्यांचं अंगण, पोरं खेळतात.

आता एक अडचण. इतका जाड गॉगल लावून पावसाळ्यात माणूस किती वेळ काम करेल? आमच्याकडे जुलैमध्ये पत्र्याखाली नुसतं बसलं तरी घामाने सदरा भिजतो. गॉगलच्या आतून धुकं धरणार, पोरं वर करणार, मला पक्कं माहितीये. ग्राइंडिंगला पण हेच करतात, ओरडून काही होत नाही.

चिरेबंदी
हाच खरा प्रश्न आहे, आणि विकणारा हे कधीच बोलत नाही. मी बघितलेल्या प्रत्येक शेडमध्ये गॉगल होता. भिंतीवर, कपाळावर, गळ्यात. डोळ्यावर नसायचा, कारण आतून दिसत नव्हतं. माणूस बेफिकीर असतो असं नाही, दिसत नाही म्हणून वर करतो. ते पाच मिनिटांनी एकदा होतं आणि तेव्हा गन दुसऱ्या हातात चालू स्थितीत असते, बोट ट्रिगरवर.

म्हणून गॉगल घेताना नुसता ओडी बघू नको, व्हीएलटी बघ, म्हणजे दिसणारा प्रकाश किती आत येतो ते. गडद हिरवा २० टक्केवाला घेतलास तर पत्र्याखालच्या पावसाळी अंधारात काही दिसणार नाही, वर करणारच. फक्त १०६४ अडवणारा, ४०-५० टक्के किंवा जास्त व्हीएलटीचा घे, महाग पडतो पण डोळ्यावर राहतो. बाजूने हवा खेळेल असा घे, पण ती भोकं वळणाची पाहिजेत, सरळ भोकातून बीम आत येता कामा नये. अँटी-फॉग लेप असलेला घे, आणि तो लुंगीने पुसायचा नाही. प्रत्येकाला दोन गॉगल, एक डोळ्यावर एक वाळत. मग शेडमधली लाइट वाढव, चार एलईडी ट्यूब जास्त, ह्याने फार फरक पडतो. गन धरणाऱ्याला वीस मिनिटं, मग दुसरा. घाम पुसायचा असेल तर नियम एकच: आधी गन स्टँडवर, चावी मशीनमधून काढून खिशात, मग गॉगल वर. चावी खिशात असल्याशिवाय गॉगल वर नाही. ओरडण्यापेक्षा हे चाललं, कारण चावी ज्याच्याकडे तोच पुढचा सुरू करू शकतो, दुसरा कोणी मस्तीत ट्रिगर दाबू शकत नाही.

आणि मशीनच्या मागे दोन पिनांचं इंटरलॉकचं कनेक्टर असतं. क्लास ४ ला ते असावंच लागतं. कंपनीतून येताना त्यात जंपर घालून शॉर्ट केलेलं असतं. तो काढ, आणि शेडच्या दारावर लिमिट स्विच लावून वायर तिथे आण. दार उघडलं की लेसर बंद. कोणी गिऱ्हाईक "झालं का हो" करत आत डोकावला तर मशीन आपोआप थांबतं, तुला बोलायची गरज नाही. लिमिट स्विच आपल्या इलेक्ट्रिशियनला अर्ध्या दिवसाचं काम.

थ्री इन वनचा अजून एक घोळ. वेल्डिंगला नोझल जॉबला (ज्या भागावर काम करायचं त्याला) टेकला आणि मशीनच्या वायरची क्लिप जॉबला लावलेली असली तरच बीम सुटतो, हे चांगलं लॉक आहे. क्लीनिंगला नोझल लांब धरायचा असतो, टेकतच नाही, म्हणून लोक ती क्लिप गनलाच लावून टाकतात आणि मग ती तशीच राहते, दुसऱ्या दिवशी वेल्डिंगला पण. मग गन हवेत धरली तरी सुटते. मोड बदलला की क्लिप जागेवर आली का, हे एका माणसाने मोठ्याने बोलून तपासायचं.

वाळूवाला_बाबा
एवढं सगळं करण्यापेक्षा ग्राइंडरच बरा की.

चिरेबंदी
ग्राइंडरने पण रंगाची धूळ उडतेच बाबा, फक्त मोठी उडते. असो.

खिडकीचं: ती काच आतून मॅट काळा रंग दिलेल्या लोखंडी पत्र्याने बंद कर. ताडपत्री लावू नको, बीम क्षणात भोक पाडून जातो आणि पेटते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भिंती चकचकीत असतील तर त्याच आरसा होतात, गनच्या मारणीच्या दिशेला तरी चिऱ्याची भिंत असू दे. आपला चिरा ह्या कामाला सोन्यासारखा आहे, खरबरीत, जळत नाही, आणि प्लास्टर-चुना लावायची गरज नाही. जॉब असा मांडायचा की बीम नेहमी चिऱ्याकडे जाईल, दाराकडे कधीच नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं.

सेफ्टी_मॅडम
मी एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी बघते, नाव सांगत नाही. चिरेबंदींनी डोळ्याचं छान सांगितलं, मी धुराकडे येते कारण लोकांचा मृत्यू किंवा कायमचं आजारपण तिकडून होतं आणि कोणाला कळत नाही कधी झालं.

खाडीपल्याड, तुमच्या बोटींच्या भागावर काय रंग आहे ते आधी बघा. गेरूसारखा तपकिरी तो रेड ऑक्साइड, लोखंडाचा. पण नारिंगी-शेंदरी छटेचा जुना प्रायमर असेल तर तो शेंदूर असू शकतो, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको असा नियम २०१६ मध्ये आला, पण तो घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरता, इंडस्ट्रियल आणि मरीन रंग त्यात नाहीत. पिवळसर झिंक क्रोमेट प्रायमर असेल तर हेक्साव्हॅलंट क्रोमियम, कॅन्सर करणारं. बुडाच्या अँटीफाउलिंग रंगात तांब्याचा ऑक्साइड असतो, आणि फार जुना थर असेल तर ट्रायब्युटिल टिन. ते जगभर बंद करायचा आंतरराष्ट्रीय करार २००१ चा, लागू २००८ मध्ये झाला. जुन्या थरावर नवा, सासऱ्याच्या थरावर नवऱ्याचा असं चालत आलेलं असतं, सगळ्यात खाली काय आहे ते मालकालाही माहीत नसतं. म्हणून जो भाग येतो त्याच्या एका कोपऱ्यात रंग खरवडून लेड टेस्टची स्वॅब (शिसं तपासायची काडी) लावून बघा, बाहेर मिळतात. स्वॅबचा रंग बदलला तर लेसर नाही, आणि ग्राइंडर तर अजिबातच नाही. केमिकल स्ट्रिपरने ओला काढा.

गॅल्व्हनाइज्ड असेल तर झिंक. ते ९०७ अंशाला उकळतं. त्याचा धूर श्वासात गेला की चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, दुसऱ्या दिवशी उतरतो. पावसाळ्यात आपल्याकडे डॉक्टर लेप्टो किंवा मलेरिया समजतात आणि त्यात त्यांची चूक नाही, साथच असते. माणसाने सांगायला पाहिजे की काल झिंक जाळलंय. आणि उलटंही, झिंकचा ताप समजून लेप्टो अंगावर काढू नका. दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर थेट रक्ततपासणी.

टेफ्लॉनचं कोटिंग किंवा पीव्हीसी लायनिंग लेसरने काढू नका, एकातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो, दुसऱ्यातून हायड्रोजन क्लोराइड. आमच्या लायनिंगच्या टाक्यांना मी लेसर लावूच देत नाही.

लोटे_रात्रपाळी
बरोबर. आमच्याकडे एक कॉन्ट्रॅक्टर रिॲक्टरच्या आत उतरून लेसर मारणार होता, मास्क बांधून. मी म्हटलं बाबा मॅनहोलमधून आत जायचं म्हणजे बंदिस्त जागा, ऑक्सिजन मोजला पाहिजे, वरती माणूस पाहिजे दोरी धरून, लाइट २४ व्होल्टच्या वरचा नको. तो म्हणाला लेसरला ज्वाला कुठे आहे. तीच तर गंमत आहे, जॉबच पेटवतो तो.

सेफ्टी_मॅडम
२४ व्होल्ट फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ३६ए मध्ये होतं आणि ते योग्यच होतं. कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाचं. कायदे आता नव्या कोडमध्ये गेले असले तरी काम तेच आहे.

आता पंख्याबद्दल. पावसाळ्यात गरम होतं म्हणून सगळे स्टँड फॅन लावतात आणि तो फॅन धूर एक्स्ट्रॅक्टरपासून (धूर ओढून घेणारं यंत्र) लांब उडवून दुसऱ्या पोराच्या नाकात नेऊन घालतो. एक्स्ट्रॅक्टरचं तोंड जॉबच्या एक वीतभर आत पाहिजे. त्याच्या तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ एक दशांशावर येते. लोक ते एकदा दूर ठेवतात आणि समाधान मानतात. त्यामुळे मागून हळू हवा येऊ द्या, पुढून एक्स्ट्रॅक्टरने ओढा. फिल्टर हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा), एच१३ किंवा १४, आणि पुढे वास शोषणारा कोळशाचा थर, कारण हेपा वायू अडवत नाही. ठिणगी आत जाऊ नये म्हणून स्पार्क अरेस्टर. मास्क एन९५ किमान, पी१०० चांगला, पण दाढी असेल तर कोणताही घट्ट बसत नाही. पैसे असतील तर बॅटरीने हवा देणारं हेल्मेट घ्या, डोक्यावर हवा फिरते म्हणून गॉगलचं धुकं पण कमी होतं, आमच्या पोरांनी ते मागून घेतलं.

एक मोठी गोष्ट राहिली: त्याच एक्स्ट्रॅक्टरमध्ये सकाळी ॲल्युमिनियम आणि दुपारी गंजकं लोखंड नको. ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि आयर्न ऑक्साइड एकत्र आले की ते थर्माइट होतं, रुळ जोडायला जे वापरतात ते. ठिणगी फिल्टरमध्ये गेली तर पाण्याने विझणार नाही. वेगळे फिल्टर ठेवा किंवा दोन एक्स्ट्रॅक्टर.

खाडीपल्याड
बाप रे. विंचचे काही भाग ॲल्युमिनियमचे येतात. हे कोणी सांगितलंच नसतं.

बांगडा_फ्राय
आता किल्ल्यावरच्या तोफेचा गंज पण काढता येईल म्हणा. विजयदुर्गला जाऊन लेसर मारायचा.

चिरेबंदी
विजयदुर्ग संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय नुसतं खरवडलंस तरी गुन्हा. पण हा विषय खराच आहे. पहिला रुबी लेसर मैमनने १९६० मध्ये चालवला, आणि सत्तरीच्या दशकात व्हेनिसमध्ये संगमरवरी मूर्तींवरचा काळा थर लेसरने काढायचे प्रयोग झाले. म्हणजे साफसफाईचं काम जुनंच आहे, हातातली गन आणि स्वस्त सोर्स (लेसर तयार करणारा भाग) नवा आहे. फ्रान्स-जपानमध्ये अणुभट्टीच्या भागांवरचा किरणोत्सारी थर काढायलाही ह्यावर काम चालतं, तिथे सगळं बंदिस्त पेटीत आणि हवा फिल्टरमधून, कारण पृष्ठभागावरून काढलेला किरणोत्सर्ग संपत नाही, तो फिल्टरमध्ये बसतो. आपलं शिसंही तसंच, नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं.

देवगडचो
माझो भाव तारापूराक कंत्राटी होतो, तो सांगता थंय बाहेर येताना कपडे काढून धुवूक टाकूचे लागत. घरी न्हेऊचे नाय.

सेफ्टी_मॅडम
शिशाला सुद्धा तोच नियम लावा. कामाचे कपडे शेडवरच धुवायचे, घरी पोरांच्या कपड्यांबरोबर बादलीत नाही. जेवायच्या आधी हात साबणाने, विडी-तंबाखू शेडमध्ये नाही. तंबाखू मळणारा माणूस शिसं तळहातावर चोळून तोंडात घालतो, हे पोरांना नीट समजावून सांगा.

लोटे_रात्रपाळी
खाडीपल्याड, अर्थिंगचं कोणी सांगितलं नाही. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, मीठ-कोळसा घालून खड्ड्यात पाणी टाकत रहा, रीडिंग घेऊन बघ. पावसाळ्यात पाय ओले असतात आणि खाऱ्या हवेने बोर्डाला पांढरी बुरशी येते. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लाव. आणि चिलर.

चिरेबंदी
हां, चिलर, म्हणजे मशीनला थंड पाणी फिरवणारं यंत्र. कंपनीतून पाणी २२ डिग्रीला सेट करून येतं. आपल्याकडे जुलैत ३० डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू २७ च्या आसपास येतो. म्हणजे २२ डिग्रीचं पाणी ज्या नळीतून जातं तिथे बाहेरून दव धरणार, सोर्सच्या आत, गनच्या लेन्सवर. लेन्सवर थेंब आला की लेन्स फुटते, कधी फायबरचं टोक जळतं. कंपनीच्या मर्यादेत राहून तापमान दवबिंदूच्या वर ठेव, आणि जागेत एसी किंवा डिह्युमिडिफायर असेल तर मशीन त्या छोट्या खोलीत आणि गन बाहेर असं कर. सुरक्षेचा प्रश्न असा की लेन्स फुटली की बीम वाकडा जातो. पोरं वाकडा बीम बघायला गनच्या तोंडात डोकावतात. चावी काढल्याशिवाय लेन्स बदलायची नाही.

खाडीपल्याड
माझं ठरलं असं. मशीन घेतो, पण १५०० चं सीडब्ल्यू नाही, आधी २०० वॅटचं पल्स. कसं वाटतं?

चिरेबंदी
विंच-शाफ्टच्या जाड गंजाला हळू होईल, पण खालचं लोखंड तापत नाही, धूर कमी. फक्त "२०० वॅट कमी आहे म्हणून सेफ" समजू नको. पल्सचा सरासरी वॅट कमी, पण शंभर नॅनोसेकंदांत दीड मिलिज्यूल सोडला तर त्या क्षणाला १५ किलोवॅट होतात. पल्ससाठी आय, आर मार्किंगवाला गॉगल लागेल, नुसता डीवाला चालणार नाही. गॉगल मशीनबरोबर बदलतो.

खाडीपल्याड
गॉगल मशीनच्या आधी मागवतो, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दोन जास्त. दरवाजाला लिमिट स्विच बसवून घेतो. एक शेवटचं, हेपा फिल्टर भरला की काय करायचं? इथे नगरपालिकेच्या गाडीत टाकला तर चालेल का?

सेफ्टी_मॅडम
नाही. शिसं किंवा क्रोमेटचा रंग काढलेला असेल तर तो धोकादायक कचरा, २०१६ चे नियम लागतात. काढताना मास्क-गॉगल लावून, झटकायचा नाही, जाड पिशवीत सील करून लेबल लावा, तारीख लिहा. कोकणातला असा माल तळोज्याच्या कचरा प्रक्रिया केंद्राकडे जातो, पण थोड्या मालासाठी ते तुमच्याकडे येणार नाहीत, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारा, लोट्यातल्या एखाद्या कारखान्याच्या वाहतूकदाराबरोबर पाठवायची सोय होते का. शिसं नसलेला साधा गंज असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवा, मिसळू नका, नाहीतर सगळाच धोकादायक ठरतो आणि वजनाप्रमाणे पैसे लागतात.

देवगडचो
ह्यो धागो सेव्ह केलंय. गॉगल खंय गावतलो, रत्नागिरीत की मुंबयत?

चिरेबंदी
रत्नागिरीत बघू नको, मुंबईत लेसरचा माल विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन. मागवताना तुझी तरंगलांबी, सीडब्ल्यू की पल्स, आणि वॅट तिन्ही लिहून पाठव, आणि टेस्ट सर्टिफिकेट मागव. सर्टिफिकेट नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.